तीन अधिक एक

पश्चिम सिडनीतल्या ओळखीच्या मराठी घरांतून मला अलीकडे एकच प्रश्न पुन्हापुन्हा येतोय. मुलगा फुटी खेळतो, क्लबचा माणूस घरी येणार म्हणतो, कागदावर सही करायची म्हणे, तर पुढे नक्की काय असतं? प्रत्येकीला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते. क्लबचं नाव लिहीत नाही, कारण पोरगा अजून तिथेच खेळतो. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं. रग्बी दोन प्रकारची असते. पंधरा जणांची ती युनियन आणि तेरा जणांची ती लीग. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंडमध्ये 'फुटी' म्हटलं की बहुतेक वेळा लीगच. एका संघाला सहा टॅकलपर्यंत चेंडू मिळतो, तेवढ्यात पलीकडे पोचायचं, नाही जमलं तर चेंडू दुसऱ्यांना द्यायचा. मी कोल्हापुरात कबड्डी बघत वाढले. पकड झाली, माणूस खाली गेला, उठला, पुन्हा चढाई. त्यामुळे हा खेळ मला नवऱ्याच्या आधी कळला. तो अजून ऑफसाइडवर अडकलेला आहे.

आमचा धाकटा नऊ नंबरला खेळतो. टॅकल झालेला खेळाडू पायाने चेंडू मागे सरकवतो, तो उचलून पुढचा पास देणारा हा. अंगाने लहान चालतो, पण डोकं लागतं, आणि बचावात मोठमोठ्या पोरांना मधोमध अडवायचं कामही याच्याकडेच येतं. शाळेतल्या टोंगन आणि सामोअन, म्हणजे पॅसिफिक बेटांवरून आलेल्या घरांतल्या, मित्रांच्या नादाने तो आठव्या वर्षी शनिवारच्या सामन्यांना जायला लागला. मी त्याला क्रिकेटच्या नेटलाही घालून पाहिलं. तिथे तो रांगेत उभा राहून कंटाळायचा.

इथली शिडी अशी. गल्लीतल्या क्लबातून निवड होऊन मोठ्या क्लबच्या सतरा वर्षांखालच्या संघात गेलात, तर ती स्पर्धा हॅरल्ड मॅथ्यूज कप. एकोणीसखालची एसजी बॉल कप. एकवीसखालची जर्सी फ्लेग. त्याच्यावर न्यू साउथ वेल्स कप, आणि सगळ्यात वर एनआरएल, म्हणजे नॅशनल रग्बी लीग, टीव्हीवर दिसते ती. प्रत्येक एनआरएल क्लबला मुख्य यादीत तीसच खेळाडू, त्याखाली एक छोटी 'डेव्हलपमेंट लिस्ट'. म्हणजे शाळेच्या मैदानावर शेकडो पोरं आणि वरच्या टोकाला तीस खुर्च्या, त्यातल्याही बऱ्याच भरलेल्या. हे गणित सुरुवातीलाच डोळ्यासमोर असलेलं बरं. क्लबचा माणूस ते स्वतःहून मांडत नाही.

हॅरल्ड मॅथ्यूजचा मोसम संपला आणि रिक्रूटमेंट मॅनेजरचा फोन आला. माणूस सभ्य होता. घरी आला, बूट दाराबाहेर काढले, चहा घेतला, चिवडा दोनदा घेतला. मग क्लबच्या रंगाची फाइल उघडून म्हणाला, "थ्री प्लस वन." तीन वर्षांचा करार आणि वर एक वर्ष. पुढची दोन वर्षं एसजी बॉल, तिसऱ्या वर्षी फ्लेग, आणि सगळं नीट झालं तर चौथ्या वर्षी डेव्हलपमेंट लिस्टचा विचार. नवऱ्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याला पहिलं प्रमोशन मिळालं तेव्हा पाहिलं होतं. पोरगा तर सोफ्यावर बसलेला दिसत होता इतकंच, मनाने तो जर्सी घालून मैदानावर होता.

सतरा वर्षांच्या पोराला चार वर्षं कशाला बांधायचं, हे मला आधी कळेना. मॅनेजरने कपभर चहात ते सांगितलं, आणि नंतर मी वाचलं त्याच्याशी ते जुळलं. लीगमध्ये फुटबॉलसारखा बदली-फीचा बाजार नाही. युरोपातला क्लब पोरगं घडवतो आणि विकून पैसे वसूल करतो, इथे करार संपला की खेळाडू उठून समोरच्या क्लबात जातो आणि घडवणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. वर पगारावर मर्यादा. मुख्य यादीतल्या तीस जणांचा मिळून वर्षाचा खर्च एक कोटी दहा लाख डॉलरांच्या थोडा पुढे, त्याबाहेर जाता येत नाही. आमच्या जवळच्या पेनरिथ क्लबने २०२१ ते २०२४ अशी सलग चार विजेतेपदं बहुतांशी स्वतःच्या भागातल्या पोरांवर जिंकली, आणि त्याच काळात विलियामे किकाऊ, स्टीफन क्रायटन, जरोम लुआई असे एकेक जण दुसऱ्या क्लबांकडे गेले, कारण सगळ्यांना त्यांच्या भावाने ठेवायला मर्यादेत जागाच नव्हती. मग क्लबांना एकच उपाय उरतो. पोरगं स्वस्त असतानाच लांब मुदतीचा कागद करून ठेवायचा.

यात भर म्हणजे नवे क्लब येतायत. पर्थचे बेअर्स २०२७ मध्ये, पापुआ न्यू गिनीचा संघ २०२८ मध्ये. दोघांनाही शून्यातून यादी भरायची आहे, आणि ती भरणार कुठून, तर इथूनच. शिवाय युनियनवाले आहेतच. जोसेफ सुआली या पोराला सिडनीच्या रूस्टर्स क्लबने शाळकरी वयात घेतलं, अठरा पुरे व्हायच्या आत खास परवानगीने २०२१ मध्ये एनआरएलमध्ये उतरवलं, आणि तीन-चार मोसमांत तो रग्बी ऑस्ट्रेलियाच्या, म्हणजे इथल्या युनियनच्या संस्थेच्या, मोठ्या करारावर निघूनही गेला. २०२४ च्या नोव्हेंबरात लंडनच्या ट्विकनम मैदानावर इंग्लंडला हरवणाऱ्या ऑस्ट्रेलियन संघात तो होता. असं काही झालं की सगळ्या क्लबांच्या फायली एकदम उघडतात. आमच्या चिवड्याचा भाव वाढला तो असा.

मी गेली बरीच वर्षं पेरोलचं काम करते. माणसाला काय मिळणार आणि ते कशावर अवलंबून आहे, हे वाचून काढणं माझ्या हातात बसलंय. त्यामुळे फाइल मी जेवणाच्या टेबलावर पसरली आणि नवऱ्याला म्हटलं, तू एक्सेल बनव, मी वाचते.

पहिल्या वर्षाची रक्कम फार नव्हती. सुपरमार्केटात शनिवार-रविवार उभं राहणारं पोरगं जवळपास तेवढं कमावतं. शाळेच्या खर्चाला थोडा हातभार, प्रवास, बूट, जिम. दुसऱ्या वर्षी थोडी वाढ, तिसऱ्या वर्षी बरी वाढ, आणि वरच्या संघात निवड झाली तर सामन्यामागे वेगळे पैसे. यात हरकत घेण्यासारखं काही नव्हतं. टीव्हीवरचे आकडे बघून ज्यांना वाटतं की सही झाली म्हणजे घराचं कर्ज फिटलं, त्यांनी हे लक्षात घ्यावं. एनआरएलच्या मुख्य यादीतल्या खेळाडूचा किमान पगार २०२३ च्या सामूहिक कराराने १ लाख २० हजार डॉलरवर आला आणि २०२७ पर्यंत तो दीड लाखावर न्यायचं ठरलंय, पण तो त्या तीस खुर्च्यांसाठी. खालच्या पायऱ्यांवर ती मेहेरबानी नाही.

माझं बोट अडकलं ते 'प्लस वन'वर. चौथं वर्ष क्लबच्या मर्जीवर होतं. म्हणजे क्लबला हवं असेल तर पोरगा आणखी एक वर्ष बांधलेला, नको असेल तर रस्ता मोकळा. पोराला जायचं असेल तर? त्याबद्दल कागदात काही नव्हतं. तीन वर्षं दोघांची आणि चौथं एकट्याचं.

त्या आठवड्यात आबांना फोन केला. आबा एसटीतून निवृत्त झालेत. पहिला प्रश्न, "पर्मनंट हाय का टेंपरवारी?" मी म्हटलं, तीन वर्षांचा आहे, वर एक वर्ष, पण ते ठेवायचं की नाही ते क्लब ठरवणार. आबा थोडं थांबले. "म्हंजे त्यांच्यासाठी टेंपरवारी, आपल्यासाठी पर्मनंट," म्हणाले. मग हवापाण्याचं विचारून फोन ठेवला.

खरं शिक्षण मात्र मैदानाच्या कडेला झालं. पोराच्या जिवलग मित्राची आई टोंगन आहे, नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करते, आणि सकाळी तशीच सामन्याला येते. तिच्या मोठ्या मुलाने असाच करार केला होता, दुसऱ्या एका क्लबशी. दुसऱ्या वर्षी गुडघा गेला. शस्त्रक्रियेचा खर्च क्लबने केला, तिसरं वर्षही पुरं पैसे दिले, कागदाप्रमाणे सगळं केलं, आणि मर्जीचं वर्ष घेतलं नाही. यात तिची तक्रार नव्हती. तक्रार होती ती वेगळीच. त्यांनी घेणार की नाही हे शेवटपर्यंत सांगितलं नाही. तिसऱ्या वर्षाचा अर्धा मोसम गेला तरी उत्तर नाही, आणि तोवर दुसऱ्या क्लबांच्या याद्या भरून गेल्या होत्या. "विचार किती वर्षं म्हणून नको," ती मला म्हणाली, "विचार उत्तर कधी देणार." तिचा मुलगा आता इलेक्ट्रिशियनचं काम शिकतोय आणि खूश आहे. ते तिने दोनदा सांगितलं.

मग मी त्या तारखेचा शोध घेतला. लीगच्या नियमाप्रमाणे खेळाडूच्या कराराचं शेवटचं वर्ष सुरू व्हायच्या आधीच्या १ नोव्हेंबरपासून त्याला इतर क्लबांशी बोलता येतं. इथे नोव्हेंबर लागला की वर्तमानपत्रांत 'बाजारात कोण' अशा याद्या येतात त्या याचमुळे. आमच्या कागदात क्लबने चौथ्या वर्षाचा निर्णय कळवायची मुदत होती तिसऱ्या मोसमाच्या मध्यावर. म्हणजे १ नोव्हेंबर येऊन जाणार, इतरांच्या पोरांचे फोन वाजणार, आणि आमचा मात्र ना बांधलेला ना सुटलेला. चौथं वर्ष क्लबच्या हाती असताना दुसरा क्लब त्याच्याशी बोलेल तरी कशाला? निर्णयाची मुदत नोव्हेंबरच्या अलीकडे आणली तर हाच प्रश्न उरत नाही. क्लबने घेतलं तर घेतलं, नाही तर पोरगा पहिल्या दिवसापासून मोकळा, आणि हातात पूर्ण वर्ष.

मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात समजून घेण्यासारखी गोष्ट हीच एक आहे. वर्षांचा आकडा सगळे विचारतात. 'किती वर्षांचा झाला?' मंडळाच्या गणपतीत आरतीच्या रांगेतसुद्धा मला हेच विचारलं. पर्याय कुणाचा आणि त्याची तारीख कोणती, हे कुणी विचारत नाही, आणि कराराचं खरं वजन तिथे असतं.

त्याच वर्षी मार्चमध्ये डिलन ब्राउनची बातमी आली होती, त्यामुळे उदाहरण घरात आयतंच होतं. तो पॅरामॅटा क्लबचा खेळाडू, आणि त्यांच्याशी त्याचा करार कागदावर २०३१ पर्यंत होता. आमच्या भागात लोक निर्धास्त होते, पोरगं आपलंच आहे म्हणून. पण मधली वर्षं त्याच्या मर्जीची होती. त्याने ती मर्जी वापरली आणि चोवीस वर्षांचा असताना न्यूकॅसल नाइट्स या दुसऱ्या क्लबशी २०२६ पासून दहा वर्षांचा करार केला, बातम्यांतल्या आकड्याप्रमाणे १ कोटी ३० लाख डॉलरांचा. म्हणजे लांबलचक कागद असूनही क्लबच्या हाती काही राहिलं नाही, कारण दाराची कडी खेळाडूच्या बाजूला होती. आमच्या फाइलमध्ये ती क्लबच्या बाजूला होती. कागदाची लांबी दोन्हीकडे भरपूरच.

नवऱ्याचं म्हणणं दुसरं टोक. तो जेसन टाउमालोलोचं नाव घ्यायचा. नॉर्थ क्वीन्सलंड काउबॉइज क्लबने २०१७ मध्ये त्याच्याशी दहा वर्षांचा करार केला, सुमारे कोटीभर डॉलरांचा, तो तेव्हा तेवीस वर्षांचा होता. पुढे गुडघ्यांनी त्रास दिला, मैदानावरची मिनिटं कमी झाली, पण पगार चालू राहिला. "बघ, लांब करार म्हणजे विमा," नवरा म्हणायचा. मी म्हणायचे, अरे, तो तेव्हा लीगमधला सगळ्यात दांडगा फॉरवर्ड होता, अटी त्याने घातल्या. आपला पोरगा सतराचा, त्याच्याकडे काय आहे घासाघीस करायला? यावर आमचं बरेच दिवस चाललं. नवऱ्याची काळजी खोटी नव्हती. त्याला दुखापतीची भीती होती, आणि दुखापतीच्या भीतीसमोर लांब करार बरा वाटतोच. माझं इतकंच म्हणणं होतं की विमाच घ्यायचा तर पॉलिसी वाचून घेऊ.

एजंट असावा की नसावा, हा पुढचा प्रश्न. लीगने मान्यता दिलेले एजंट असतात, त्यांची यादी बघूनच बोलावं, कारण मैदानाच्या कडेला गॉगल लावून 'मी बघतो तुमच्या पोराचं' म्हणणारे मान्यता नसलेलेही भेटतात. आम्ही दोघांना भेटलो. पहिला पॅरामॅटाच्या एका महागड्या कॅफेत भेटला आणि पूर्ण वेळ स्वतःच्या मोठ्या खेळाडूंची नावं घेत बसला. दुसरी बाई होती. हॅरिस पार्कला डोसा खाता खाता तिने पोराला सरळ विचारलं, "तुला हाच क्लब हवाय का?" पोरगा म्हणाला, हो, सगळे मित्र इथेच आहेत. "मग तुझी पैशाची बाजू कमकुवत आहे," ती म्हणाली, "आणि ते ठीक आहे, फक्त त्यांना कळू देऊ नकोस." आम्ही तिला घेतलं. या वयात तिची टक्केवारी म्हणजे नगण्य रक्कम. ती पोरावर पुढचा जुगार खेळतेय हे उघड होतं, आणि तिने ते लपवलंही नाही.

वाटाघाटी म्हणजे तीन-चार ईमेल आणि एक बैठक, याहून जास्त काही नव्हतं. आम्ही तीन गोष्टी मागितल्या. चौथ्या वर्षाला दोघांची संमती हवी. ते नसेल तर निर्णयाची तारीख ३१ ऑक्टोबरच्या आत, शेवटच्या, म्हणजे तिसऱ्या, वर्षाच्या आधीची. आणि बारावीची परीक्षा, म्हणजे एचएससी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात असते, त्या काळात सकाळच्या सरावातून सूट. रिक्रूटमेंट मॅनेजर बैठकीत म्हणाला, तारखेचं बघतो, संमतीचं होणार नाही, आणि परीक्षेचं काय, ते आम्ही सांभाळूनच घेतो, माझा शब्द.

मी म्हटलं, शब्द कागदावर द्या. तो म्हणाला, पत्र देतो. तिथे आमच्या एजंटबाईने मान हलवली. पत्र नको, करारातच घ्या. मग बाहेर आल्यावर तिने मला कारण सांगितलं. मेलबर्न स्टॉर्म या क्लबकडे खेळाडूंच्या कागदांचे दोन संच असायचे, एक लीगला दाखवायचा आणि एक खरा. २०१० मध्ये ते उघडकीला आलं, २००७ आणि २००९ ची विजेतेपदं काढून घेतली गेली, आणि तो मोसम त्यांना एकही गुण न मिळवता खेळावा लागला. तेव्हापासून कराराबाहेरच्या कुठल्याही चिठ्ठीकडे लीगचे हिशेबनीस संशयानेच बघतात. सरावाच्या सुटीची चिठ्ठी कुणी पकडणार नाही, पण सवय वाईट, आणि दुसरं म्हणजे शब्द देणारा माणूस पुढच्या वर्षी असेलच असं नाही. हे दुसरं कारण मला जास्त पटलं. झालंही तसंच. पोराचा पहिला सराव सुरू व्हायच्या आत तो मॅनेजर दुसऱ्या क्लबात गेला. सूट कराराच्या जोडपानात लिहिलेली होती म्हणून राहिली.

वकिलाकडे एकदा जाऊन या, हा माझा सल्ला. फार खर्च येत नाही. आमच्या वकिलाने एक गोष्ट सांगितली ती बऱ्याच आईबापांना माहीत नसते. मूल अठराच्या आत आहे म्हणून करार आपोआप पोकळ ठरतो, असं इथे नाही. न्यू साउथ वेल्समध्ये १९७० चा कायदा आहे, त्याप्रमाणे सही करताना तो व्यवहार मुलाच्या हिताचा असेल तर तो त्याच्यावर बंधनकारक असतो. तेव्हा 'अजून लहान आहे, नंतर बघू' हे मनातून काढून टाका. पोराला शेजारी बसवून प्रत्येक पान वाचायला लावा. आमच्याने कंटाळून जांभया दिल्या, पण वर्तणुकीच्या कलमावर तो जागा झाला. रात्री कुठे, कुणाबरोबर, सोशल मीडियावर काय, सगळं त्यात होतं. मी वर्षानुवर्षं बोलून जे झालं नाही ते त्या दीड पानाने झालं.

वैद्यकीय तपासणी अर्धा दिवस चालली. खांदे, गुडघे, रक्त, चरबी मोजायचे चिमटे. त्यातला महत्त्वाचा भाग संगणकावरची आठवणीची आणि लक्षाची चाचणी. डोक्याला मार बसला तर नंतर याच आकड्यांशी तुलना करतात. एनआरएलमध्ये २०२३ पासून मेंदूला धक्का बसल्याचं निदान झालं की सहसा किमान अकरा दिवस बाहेर. एकोणिसाखालच्या पोरांसाठी ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टची सूचना आणखी कडक आहे, आधी चौदा दिवस काही लक्षण नसेल तरच अंगाला अंग लागणारा सराव, आणि सामना किमान एकवीस दिवस नाही. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्यांनी पुण्याहून एवढंच विचारलं की इतकं सगळं माहीत असून खेळायला कशाला पाठवता. या प्रश्नाला माझ्याकडे त्यांचं समाधान होईल असं उत्तर नाही. डॉक्टरांना मी एकच विचारलं, की पोराला मैदानाबाहेर काढायचा शेवटचा शब्द कुणाचा, कोचचा की तुमचा. "माझा," त्या म्हणाल्या, आणि पुढची पाच मिनिटं त्यांनी ते कसं चालतं ते समजावून सांगितलं. त्या पाच मिनिटांनंतर मी सहीला तयार झाले. त्याआधी नव्हते, हे नवऱ्याला मी आता सांगतेय.

क्लबने तारखेची अट मान्य केली. संमतीची केली नाही. चौथं वर्ष त्यांचंच राहिलं, पण त्यांना ते आता शेवटच्या वर्षाच्या आधीच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत सांगावं लागेल. घेतलं तर ठरावीक रकमेच्या खाली घेता येणार नाही, हे एजंटबाईने शेवटच्या ईमेलमध्ये घुसवलं. ते त्यांनी कसं मान्य केलं, मला अजून कळलेलं नाही. बहुधा आर्थिक वर्ष संपत आलं होतं.

सही झाली ती क्लबच्या ऑफिसात, एका काचेच्या खोलीत. तिथे फोटो काढायला जागा करून ठेवली आहे, मागे क्लबचं चिन्ह. पोराने सही केली, मग पालक म्हणून आम्ही दोघांनी. त्याची सही अजून शाळेच्या डायरीवरची आहे, पूर्ण नाव आणि खाली रेघ. फोटो टाकायला लगेच परवानगी नव्हती, कारण करार लीगकडे नोंदवला जाऊन मान्य झाल्याशिवाय क्लब जाहीर करत नाही. त्यामुळे दोन्हीकडच्या आजी-आजोबांना फोटो गेला आणि त्याबरोबर 'पुढे पाठवू नका' अशी ताकीदही गेली. सासूबाईंनी तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

नोव्हेंबरपासून पैसे सुरू झाले. पेस्लिप ईमेलवर येते, पोरगा ती उघडत नाही, मी उघडते. पहिल्याच पेस्लिपमध्ये सुपर दिसला नाही. सुपर म्हणजे इथला प्रॉव्हिडंट फंड म्हणा, मालकाने पगाराव्यतिरिक्त भरायचा, आता १२ टक्के. खेळण्याचे पैसे घेणारा माणूसही या कायद्यात कर्मचारी मोजला जातो. पण अठराच्या आतल्याला आठवड्याला तीस तासांहून जास्त काम असेल तरच सुपर लागू होतो, आणि याचे तास त्याहून कमी. म्हणजे क्लबचं बरोबर होतं. मी पोराचा अठरावा वाढदिवस कॅलेंडरमध्ये घातलेला होताच, त्याच्या खाली 'सुपर' असं लिहिलं.

मार्चमध्ये तो अठराचा झाला. त्या महिन्याच्या पेस्लिपमध्येही सुपर नव्हता. मी क्लबच्या पेरोलला दोन ओळींची ईमेल केली, जन्मतारीख आणि कायद्याचं कलम घालून. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, सिस्टीममध्ये तारीख पुढे सरकवायची राहून गेली होती, फरकासह भरतो. खाली त्या बाईने विचारलं होतं, तुम्ही स्वतः पेरोलमध्ये आहात का. मी हो म्हटलं. एप्रिलच्या पेस्लिपमध्ये फरकासकट आला. तो आकडा मी पोराला दाखवला तर म्हणाला, हे पैसे मला कधी मिळणार? म्हटलं, साठाव्या वर्षी.